शिरपूरकडच्या म्हाताऱ्याचं पथ्य

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. मी झोपेत मालवणीत भांडतो, वीज कडाडली की कोठीत जाऊन बसतो, पाहुण्यांसाठी ठेवलेला गूळ चोरून खातो — सगळं. एक गोष्ट सोडून. ती तिला सांगितली नाही, कुणालाच नाही. देवापुढे हात जोडले तेव्हासुद्धा तेवढी बाजूला ठेवून जोडले. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही माझ्या हातचं जेवलेले नाहीत, म्हणून असेल. जो माझ्या हातचं जेवलाय त्याच्यासमोर हे बोलायला माझी जीभ वळत नाही. का, ते कळेलच.

पण एकदम तिथे नाही जाता येत मला. जरा फिरून जाऊ द्या.

मी वाशीमचा नव्हे. माझं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला, खाडीकाठी. मराठी तिसरीत शाळा सुटली — मी सोडली म्हणतो, पण खरं म्हणजे मास्तरच म्हणाले, ह्याचं डोकं फळ्याकडे नाही, चुलीकडे आहे, न्या घरी. मग एका फिरत्या नाटक कंपनीत आचाऱ्याच्या हाताखाली लागलो. कंपनी गावोगाव फिरत वऱ्हाडात आली आणि वाशीमला येऊन बसली, म्हणजे बुडालीच. एका सकाळी उठून पाहतो तर मालक नाही. दुपारपर्यंत राजा गेला, राणी गेली, पेटीवालाही गेला. उरलो मी आणि एक भली मोठी कढई. ती घेऊन स्टेशनावर गेलो. जायचं कुठे ते कळेना, म्हणून कढई पालथी घातली आणि तिच्यावर बसून राहिलो.

तिथे दादासाहेब आले. त्यांचा कापसाचा जिन होता, गाठी रवाना करायला आले होते.

"काय करून राह्यला रे इथं?"

"कढई सांभाळतोय."

"कोनाची हाय?"

"ठाऊक नाही."

दादासाहेब असे हसले, की हमाल गाठी टाकून बघायला लागले. म्हणाले, "चाल मंग. कढईसंगं चाल." गेलो. ती कढई अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे आणि मीही आहे. आज ना उद्या कुणीतरी म्हणेल, चल ऊठ, ही जागा तुझी नाही, ही भीती मात्र मी स्टेशनावरून उचलून आणली, ती कधी खाली ठेवता आली नाही. हे सबब म्हणून सांगत नाही. ते मनात होतं, इतकंच.

दादासाहेबांना मूलबाळ नव्हतं. शेवटच्या वर्षांत त्यांनी जिनाचं आणि वावरांचं उत्पन्न एका निधीला लावून दिलं. आसपासच्या गावांतून लोक येत. कुणाला विहीर खणायची असे, कुठे शाळेवर छप्पर नसे, कुणाचा हुशार मुलगा फीसाठी अडलेला असे, एखाद्या विणकराला माग हवा असे. निधीतून मदत मिळे. परत द्यायची नाही, व्याज नाही, काही नाही. वर बाजाराच्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला आधी जेवण. अर्ज मागाहून. आणि पंगत एकच. ज्याला ती चालत नसेल त्याने घरून जेवून यावं, असं दादासाहेबांनी सांगून ठेवलं होतं. गावात त्यावरून पुष्कळ बोलणी झाली. मग माझे रोडगे खाऊन ती हळूहळू थांबली, असं माझं आपलं मत आहे.

रोडगे म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागेल. गव्हाच्या जाड पिठाचे, आत तेलाचे पदर दिलेले गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे. राख झटकायची, फोडायचे, वर तुपाची धार. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. पहिल्यांदा केले तेव्हा माझे रोडगे गोफणीत घालून पाखरं राखायच्या कामाचे झाले होते. पण शिकलो.

आता त्या पंगतीची एक खोच होती. तीच ह्या सगळ्याच्या मुळाशी आहे.

निधीच्या सुरुवातीला एक शेतकरी विहिरीसाठी मदत मागायला आला होता. त्याने मागितलं तेवढं दादासाहेबांनी दिलं. वर्षाने सहज त्याच्या गावावरून जात होते, तर विहीर अर्धीच. मुरमापर्यंत खणून सोडलेली, आत शेळ्या बांधलेल्या. विचारलं, अरे, पुन्हा का नाही आलास? तर तो मान खाली घालून म्हणाला, "एकदा मांगतलं, मालक. आता अजून कोन्या तोंडानं मांगू?" दादासाहेब घरी आले ते म्हणतच — मागणारा नेहमी अर्धंच मागतो. उरलेलं अर्धं देणाऱ्याने ओळखायचं असतं.

ते ओळखणारा माणूस कसा शोधायचा? त्यांनी सोपं काढलं. त्याला पंगतीत वाढायला लावायचं. आमच्याकडे पाहुणा पानावर हात आडवा धरतो, "पुरे, पुरे" म्हणतो. त्यातला खरा पुरे कुठला आणि लाजेचा कुठला, ते वाढणाऱ्याला कळलं पाहिजे. ज्याला भुकेला माणूस हाताच्या मागे दिसतो, त्याला अर्जाच्या मागेही दिसेल. उमेदवाराला ह्यातलं काही सांगायचं नाही. माणसं कमी आहेत, जरा वाढू लागा, एवढंच म्हणायचं.

ही खोच बाहेर कुणाला ठाऊक नव्हती. दादासाहेब, त्यांची बायको — जिला सगळा गाव माय म्हणतो — आणि निधीचे दोन पंच. आणि मी. मी आचारी, त्या दिवशी जेवण जास्तीचं करायचं असे, म्हणून मला सांगितलेलं. मी केवढा फुशारलो होतो! तिसरीतून काढलेला माणूस, आणि वकिलांच्या बरोबरीने एक गुपित सांभाळतोय.

दादासाहेब गेले. जुने दिवाणजी काही वर्षं कारभार बघत होते, पण त्यांचे गुडघे गेले आणि ते हिंगोलीला मुलाकडे निघून गेले. निधीला नवा कारभारी हवा झाला. वर्तमानपत्रात जाहिरात दिली. पंचांतल्या वकीलसाहेबांना पदवीधर पाहिजे होता. दुसरे पंच मंगरूळपीरचे कापडाचे व्यापारी, हाजीसाहेब. ते म्हणायचे, "वकीलसाब, डिग्री काय विहिरीत उतरते? आदमी पाह्यजे, आदमी." माय गहू निवडत बसायची.

पहिला उमेदवार अमरावतीहून आला, कोट घालून. मायने वाढू लागायला सांगितलं तर म्हणाला, मी वाढपी म्हणून अर्ज केलेला नाही — आणि पंगतीत पहिल्या पानावर जाऊन बसला. रोडगे मात्र चार खाल्ले. तो गेल्यावर हाजीसाहेब इतके हसले की त्यांना उचकी लागली.

राहिले दोघे. दोघांना एकाच बाजाराच्या दिवशी बोलावलं. दोन रांगा, एकेकाला एकेक.

दळवी आदल्या दिवशीच आगगाडीने आले. बी. ए. झालेले, नागपूरला एका सहकारी पेढीत नोकरीला. स्वयंपाकघराला लागून पाहुण्यांची खोली होती तिथे उतरले. मी संध्याकाळचं ताट नेलं. आमटीत आमसूल घातलं होतं, घरून मागवलेलं, जपून जपून वापरायचो. त्यांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिले.

"अरे, ह्येच्यात सोलां आसत मां? खंयचो रे तू?"

काय सांगू तुम्हाला? किती वर्षांत मला कुणी "खंयचो" म्हणून विचारलं नव्हतं. वाशीमची माणसं गोड, पण त्यांचं "कुठचा रे तू" वेगळं आणि हे वेगळं. मी हातातला तांब्या खाली ठेवला. "वेंगुर्ल्याचो," म्हणालो. ते म्हणाले, "मी वाडीचो!" — वाडी म्हणजे आमची सावंतवाडी — आणि मग आम्ही दोघे जे सुटलो! बांगडे, सुरमई, घावणे, कुठल्या जत्रेत कुठलं नाटक, कुणाच्या विहिरीचं पाणी गोड. ते मोठे शिकलेले साहेब, आणि मांडी घालून माझ्याशी बोलतायत. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, उद्या काय असतं रे?

मी सांगितलं.

सगळं सांगितलं. जो पुरे म्हणेल त्याच्याकडे बघा, हात आडवा असला तरी बोटं सैल असली तर वाढा, माय दाराआडून बघत असते — सगळं. ते जरा चपापले. "असा सांगूचा नसता काय?" म्हणाले. मी म्हटलं, तसं काही नाही. आणि हे खोटं बोलताना मला काही वाटलं नाही. उलट, घरच्या माणसाला पान वाढल्यासारखं वाटलं.

तुम्ही म्हणाल, एवढंच? एवढंच असतं तर मी केव्हाच बायकोला सांगून टाकलं असतं. तिने मला चार शब्द ऐकवले असते आणि विषय संपला असता. नाही — अजून आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वाशीमजवळच्या मालेगावकडून एक बैलगाडी आली. त्यातून इंगोले मास्तर उतरले. खेड्यातल्या शाळेवर शिक्षक, धोतर, टोपी, पायात धुळीने भरलेल्या वहाणा. त्यांना मी ओळखत होतो. गावोगावच्या लोकांचे निधीसाठीचे अर्ज तेच फुकट लिहून द्यायचे. कुठल्या गावची विहीर कधी आटते हे त्यांना आपल्या घरच्या रांजणासारखं ठाऊक. ते आले ते सरळ माझ्या आराजवळ. बाह्या वर केल्या, चिमटा घेतला आणि रोडगे फिरवायला लागले.

"बाप्पा बाप्पा! कोकनातला मानूस रोडगे भाजून राह्यला! आता काय पाह्याचं राह्यलं?"

मी हसलो. म्हणालो, मास्तर, समुद्र पाहायचा राहिलाय तुमचा.

"तो तू दाखवजो. आधी पाह्य, इकडून जळून राह्यला तुहा रोडगा." मग आरात फुंकर घालत म्हणाले, "हे काम भेटलं नं बाबलभाऊ, मी झोपनार नाई. गावंच्या गावं पायानं फिरीन. कोनाले इथं चकराच माराले लावनार नाई. आपनच जाऊ त्याच्या दारात." त्यांचे डोळे धुराने भरले होते, पण नुसत्या धुराने नव्हे. त्यांना ते काम किती हवं होतं हे मला दिसत होतं. माझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं.

आणि मग म्हणाले, "एखांद्या दिवशी माह्या मायले घेऊन येतो इथं. रोडगे कसे असतात ते दाखवीन तुले."

आता सांगा — ह्यात काय होतं? एका खुशीत असलेल्या माणसाची थट्टा. पण मला ऐकू आलं ते असं की हा कारभारी झाला की ह्याची आई स्वयंपाकघरात येणार आणि मी पुन्हा कढई पालथी घालून स्टेशनावर. दुपारपर्यंत मी ते मनात उगाळत राहिलो. एकीकडे दळवी — माझी भाषा, माझी माणसं, रोज संध्याकाळी आमसुलाची आमटी. दुसरीकडे हे.

कडुलिंबाखाली दोन रांगा बसल्या. पळसाच्या पत्रावळी, द्रोण. दळवींनी उजवी रांग घेतली, मास्तरांनी डावी. काय वाढत होते मास्तर! थट्टा करत, नावाने हाका मारत, एकेकाच्या गुडघ्याशी वाकून. "काय वं सखूमाय, घरी सांगून आली का जेवून येतो म्हनून?" — सगळी रांग हसायची आणि हसता हसता हात बाजूला व्हायचे. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. दळवी माझं ऐकून बोटं बघत होते. मास्तर बोटांकडे बघतच नव्हते.

डाव्या रांगेच्या टोकाला एक म्हातारा बसला होता. इकडच्याच शिरपूरच्या पलीकडल्या एका वस्तीवरून पायी आलेला. त्यांच्या वस्तीच्या विहिरीला कठडा नव्हता, गुरं पडायची. तो कठडा मागायला आला होता. पहिल्याच रोडग्यावर पानावर हात धरून बसला. लाज म्हणजे किती? त्या हाताखाली पान पुसल्यासारखं स्वच्छ होतं, तुपाचा थेंब शिल्लक नव्हता. मी तुपाचा तांब्या घेऊन तिथूनच गेलो होतो, मी पाहिलं होतं. माय दारातून नेमकी तिकडेच बघत होती.

मास्तर रोडग्यांची टोपली घ्यायला माझ्याकडे आले. आणि मी —

थांबा. बोलतोच.

मी हळूच म्हणालो, "मास्तर, त्या टोकाच्या म्हाताऱ्याला आता काही वाढू नका हं. पोटाचं दुखणं आहे त्याला, वैद्यानं पथ्य सांगितलंय. लाजेनं बोलत नाही बिचारा. तुम्हीही विचारू नका, चारचौघांत वाईट वाटेल."

बघा, किती विचार करून बोललो मी. तिसरी शिकलेला माणूस. विचारू नका — हेही सुचलं मला.

मास्तरांनी मान हलवली. "बरं झालं सांगतलं, बाबलभाऊ," म्हणाले. आणि म्हाताऱ्यापाशी आले की टोपली पुढे न्यायला लागले. एकदा थबकले. मागे माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पुढे गेले. भाजी गेली, वरण गेलं, पुन्हा रोडगे गेले, म्हाताऱ्याच्या पानात काही पडलं नाही. तो आपला हात धरून बसलेला. दुसऱ्यांच्या पानांकडे बघायचं नाही म्हणून झाडाकडे बघत होता.

शेवटी मात्र मास्तरांना राहवलं नाही. ते त्याच्यापाशी बसले आणि कानाशी काहीतरी बोलले. म्हाताऱ्याला ऐकू कमी येत असावं, त्याचं उत्तर मोठ्याने आलं, "पोट? नाई बाप्पा, पोट कायले दुखन?"

मास्तरांनी टोपलीत हात घातला. पण तेवढ्यात रांगेच्या वरच्या टोकाला एकाने पानावर पाणी फिरवलं आणि तो उठला. एक उठला की पंगत उठली, मग कुणाच्या पानात काही वाढायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हातारा सगळ्यांबरोबर उठला. मास्तर हातात रोडगा धरून बसूनच राहिले. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

त्यांना कळलं होतं. आणि त्यांना कळलंय हे मला कळलं.

हात धुऊन झाल्यावर मायने दोघांना ओट्यावर बोलावलं. दळवींबद्दल काही बोलली नाही. मास्तरांना म्हणाली, "सगळं गोड वाढलं, मास्तर. पन त्या बुढ्याच्या पानात दुसऱ्यांदा काई पडलं नाई. मी पाहून राह्यली होती. काहून?"

मी तिथेच होतो, तुपाचा तांब्या छातीशी धरून. मास्तरांनी एक शब्द बोलायचा अवकाश होता. बाबलनं सांगितलं — एवढंच. आणि तो खरा होता. माझे पाय गार पडले होते. म्हणे, पाय गार पडले होते! उपाशी म्हातारा समोर काठी टेकत उभा होता, आणि मला माझ्या पायांचं पडलं होतं.

मास्तर म्हणाले, "माहं ध्यान नव्हतं, माय. चुकलो."

झालं. हाजीसाहेबांनी "या अल्ला" म्हणून मान खाली घातली. वकीलसाहेब खूश. दळवी कारभारी झाले. माय आत आली, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाबल, तुह्या रोडग्यानं आज मानूस निवडून देल्ला." आणि मी — मी वाकून तिच्या पाया पडलो.

दळवी वाईट निघाले असते तर ही कबुली मला सोपी गेली असती. पण ते चांगले निघाले! फार चांगले. निधीचं वाचनालय त्यांनी काढलं. मी लिहायला-वाचायला धड शिकलो तो तिथेच. मुलींच्या शाळेवर कौलं चढली. त्या म्हाताऱ्याच्या वस्तीच्या विहिरीला कठडा तर झालाच, वर रहाट बसला, गुरांना पाणी प्यायला डोणी झाली. त्याने मागितलं होतं त्याच्या दुप्पट. मग माझ्यामुळे नुकसान कुणाचं झालं? असा हिशेब मी पुष्कळदा मांडला. तो हिशेब मांडण्यात मी हुशार आहे. पण मास्तर चालत गावोगाव जाणार होते. दळवी टांग्याने जेवढ्या गावांना पोचले तेवढीच गावं मला ठाऊक आहेत. पुढची गावं? ज्यांच्या दारात कुणी गेलंच नाही, आणि जी लाजेने आलीच नाहीत, ती?

आणि मास्तर? ते शाळेवरच राहिले. राग धरला असता तर — पण ते येत राहिले. लोकांचे अर्ज घेऊन यायचे, जेवायचे, माझ्या रोडग्यांना नावं ठेवायचे. दोन वर्षांनी एक दिवस माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "काय बे, जिंदगीभर त्या कढईसंगंच संसार करतं काय?" त्यांच्या नात्यातली एक मुलगी होती. मी मुंडावळ्या बांधल्या तेव्हा माझ्या बाजूने उभं राहायला कुणी नव्हतं, तर मास्तर मुलीकडच्या माणसांतून उठून माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. "मी आज कोकनातला," म्हणाले. सगळा मांडव हसला. माझी बायको अजून ते सांगून हसते. त्या दिवसाबद्दल एक शब्द त्यांनी मला कधी विचारला नाही. का? माझ्या तोंडावरची भीती त्यांनी पाहिली होती म्हणून? की मीच एक दिवस बोलेन, अशी वाट बघत होते? मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं.

आता हे कळलं ना, बायकोला का नाही सांगितलं?

यंदा दळवी कोकणात परत चालले आहेत. नवा कारभारी शोधायचा आहे. माय आता फार थकली, तिच्या जागी पंच म्हणून इंगोले मास्तर आले आहेत. गेल्या आठवड्यात सगळे बसले होते. नव्या पंचांतला एक तरुण म्हणाला, "बाबलकाका, मागच्या खेपी कशी निवड झाली, सांगा नं जरा. तुमी तं होते तिथं." आणि मी सांगितलं. कोटवाला सांगितला, त्याचे चार रोडगे सांगितले, हाजीसाहेबांची उचकी सांगितली. मास्तर कसे नावं घेऊन वाढत होते तेही सांगितलं. लोक पोट धरून हसले. "मंग मास्तर कसे काय राह्यले?" त्या तरुणाने विचारलं. मी म्हणालो, "एका पानाकडे त्यांचं ध्यान राहिलं नाही." मास्तर समोरच बसले होते. तेही हसत होते.

म्हणजे ती जुनी लबाडी नाही. गेल्या आठवड्यातली आहे.

अजून एक राहिलं. ते सांगितलं नाही तर बाकीचं सांगून उपयोग नाही.

त्या निवडीच्या दिवशी, दिवेलागणीला, दळवी आणि मी ओट्यावर बसलो होतो. ते वेंगुर्ल्याच्या बाजारातल्या एका मासळीवालीची नक्कल करत होते आणि मी इतका हसत होतो की मला श्वास घेता येत नव्हता. तेवढ्यात मालेगावची बैलगाडी आमच्यासमोर थांबली. मास्तर खाली उतरले. त्यांच्या हातात नारळ होता. चार गावच्या लोकांनी मिळून तो त्यांना दिला होता, काम मिळालं की निधीच्या दारात फोडजा म्हणून.

"आता मी कायले फोडू?" म्हणाले. "तू ठेव, बाबलभाऊ. कोकनातला मानूस तू, तुले याची कदर."

मी दोन्ही हातांनी घेतला. तोंडावरचं हसू अजून गेलं नव्हतं, आणि मी ते घालवायचा प्रयत्नही केला नाही. गाडी गेली. दळवींनी नारळ कानाशी हलवून बघितला, पाणी चांगलं खळखळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याचं दूध काढलं आणि सोलकढी केली. वाशीमला आल्यापासूनची पहिली. दळवींनी तीन वाट्या घेतल्या, उरलेली पातेल्यासकट मी प्यालो. फार चांगली झाली होती.